वॉकी-टॉकीची निगा : एका पावसाळी रात्रीचा धडा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मागे खांबाजवळ उभे असलेले आपले वॉचमन भाऊ. भाऊ, तुम्ही पुढे या, इथे खुर्चीवर बसा. आजचं बोलणं अर्धं तरी तुमच्यासाठी आहे. जे गेटवर आहेत त्यांना सेटवरून भाषण ऐकवावं असा विचार कुणाच्या मनात असेल तर तेवढं करू नका. अर्धा तास बटण दाबून ठेवलं तर चॅनल अडून राहील आणि गेटवरून कुणाला काही सांगायचं असेल तर ते आपल्याला कळणारच नाही. त्यांना मी नंतर वेगळं सांगेन.

आधीच्या दोन रविवारी डॉक्टरसाहेब गुडघ्यांवर बोलले, सीए साहेब मृत्युपत्रावर बोलले. दोन्ही विषय आपल्या वयाला धरून होते. मला सचिव म्हणाले, "काका, तुम्हीही अर्धा तास बोला." मी म्हटलं, "बाप्पा, मी कशावर बोलू? मला आयुष्यभर एकच काम आलं. बिघडलेले सेट उघडायचे, पुसायचे, दुरुस्त करायचे." ते म्हणाले, "मग त्याच्यावरच बोला." म्हणून आज विषय आहे वॉकी-टॉकीची निगा. विषय लहान आहे. पण त्यात माझी एक चूक गुंतलेली आहे आणि पंचवीस वर्षांच्या हिशेबात ती चूक आपल्या स्मरणिकेत लिहिली जावी असं मला वाटतं.

आधी थोडं नावाबद्दल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याकडे पाठीवर बांधायचा एक रेडिओ होता, एससीआर-३००. वजन पंधरा किलोच्या वरच. चालता चालता बोलता येतं म्हणून त्याला वॉकी-टॉकी म्हणत. हातात धरायचा लहान सेट वेगळा होता, एससीआर-५३६. त्याला हँडी-टॉकी म्हणत. दोन्ही सेट ज्या कंपनीने बनवले तिचंच नाव पुढे मोटोरोला झालं. म्हणजे आज आपल्या वॉचमन भाऊंच्या कमरेला जो लटकतो तो खरं तर हँडी-टॉकी. पण नाव मोठ्या भावाचं चिकटलं, ते चिकटलंच.

माझी नोकरी रेल्वेच्या दूरसंचार विभागात झाली, बरीचशी इथेच, नागपूर-अजनीला. नागपूर म्हणजे दिल्ली-चेन्नई आणि हावडा-मुंबई या दोन मोठ्या मार्गांचा चौक. गाड्यांची कमी नाही. गार्ड आणि ड्रायव्हर यांच्याकडे पाच वॅटचा हातातला सेट असतो आणि स्टेशन मास्तरकडे पंचवीस वॅटचा बसवलेला सेट असतो. आता गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात आणि ड्रायव्हरला लोको पायलट, पण माझ्या तोंडात जुनीच नावं बसली आहेत. मालगाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते. मागच्या डब्यातल्या गार्डला एखाद्या वाघिणीखाली काही लोंबकळताना दिसलं तर इंजिनातल्या ड्रायव्हरला ते कसं कळणार? ओरडून तर ऐकू जाणार नाही. तिथे हा हातभर उंचीचाही नसलेला सेट कामाला येतो.

तर असे सेट माझ्या टेबलावर यायचे आणि मी एक गोष्ट शिकलो. "सेट मेला" म्हणून जे येतं, त्यातलं पुष्कळसं मेलेलं नसतं. मळलेलं असतं. माइकच्या जाळीत धूळ, घाम, आणि आपल्या विदर्भाचा खास प्रसाद म्हणजे खर्र्याचा चुरा. हसू नका, खरं सांगतो. माणूस खर्रा तोंडात धरून बोलतो, तो बारीक चुरा जाळीत जाऊन बसतो आणि समोरच्याला वाटतं हा पाण्याखालून बोलतोय. बॅटरीच्या पितळी टिकल्यांवर काळा थर. बटणाच्या रबराखाली माती. ब्रश, कापड आणि थोडं स्पिरिट, एवढ्यावर पुष्कळ सेट जिवंत होऊन परत जायचे.

एवढं सगळं मला येत होतं. म्हणूनच आता जे सांगतो ते सांगायला मला जड जातं.

२०२१ मध्ये आपण चार सेट घेतले. एक पुढच्या गेटला, एक मागच्या गेटला, एक सचिवांच्या घरी आणि एक ऑफिसच्या कपाटात राखीव. सभेत विचारलं गेलं, देखभाल कोण करणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही मोठ्या उत्साहाने हात वर केला. पहिले सहा-सात महिने दर रविवारी चारही सेट गोळा करून पुसत होतो. मग नातवाचं बारसं आलं, मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग "सगळं तर नीटच चाललंय" असं वाटायला लागलं. रविवार सुटले ते सुटलेच.

आणि मग २२ सप्टेंबर २०२३ ची रात्र आली. २३ तारखेची पहाट म्हणा. ती रात्र नागपुरात कुणी विसरलेलं नाही. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी जिथे वाट मिळेल तिथे शिरली. मोरभवनच्या बसस्टँडवर बसेस पाण्यात उभ्या होत्या. सकाळी लोकांना बोटीतून काढायला एनडीआरएफ आणि लष्कराचे जवान आले होते. आपल्या मागच्या कंपाउंडपासून नदी हाकेच्या अंतरावर, तेव्हा आपण काही त्यातून सुटणार नव्हतो.

तीनच्या सुमारास मागच्या गेटच्या भाऊंना भिंतीच्या तळातून पाणी येताना दिसलं. वीज गेलेली होती. त्यांनी लगेच सेटचं बटण दाबलं. "पाणी येऊन राहिलं जी, मागून पाणी येऊन राहिलं!" दोनदा, चारदा. कुणाचं उत्तर नाही.

उत्तर का नव्हतं ते ऐका. पुढच्या गेटचा सेट पूर्ण बंद होता, बॅटरीत जीवच नव्हता. सचिवांच्या घरचा सेट आठवडाभर सारखा खरखर करत होता, म्हणून वहिनींनी तो बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. त्यांनी मला तसं सांगितलंही होतं. मी म्हटलं होतं, "बघतो, बघतो." आणि कपाटातल्या राखीव सेटची बॅटरी पोळीसारखी फुगून बसली होती. चार सेटपैकी एकच चालत होता. बोलणारा होता, ऐकणारा कुणी नव्हता.

फोन का नाही केला, असं नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. भाऊंनी केला. पुढच्या गेटच्या माणसाचा फोन चार्जिंग संपून बंद होता. सचिवांचा रात्री सायलेंटवर असतो, तुमचा-माझाही असतो. शिवाय फोन एका वेळी एकालाच लागतो. सेटवर एकदा बोललेलं सगळ्यांना एकदम ऐकू येतं, तेवढ्यासाठीच तर तो घेतलेला असतो. शेवटी भाऊ घोट्याभर पाण्यातून धावत पुढे आले, पुढच्या माणसाला उठवलं, दोघं जिने चढून सचिवांच्या दारावर गेले, मग आम्ही काही जण खाली उतरलो. यात दहा-बारा मिनिटं गेली.

तळमजल्यावर मावशी एकट्या राहतात. त्या आज इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि त्यांना विचारूनच मी हे बोलतोय. आम्ही पोचलो तेव्हा घरात गुडघ्यापर्यंत पाणी होतं. मावशींचं गुडघ्याचं दुखणं तुम्हाला माहीत आहे. त्या पलंगावर पाय वर घेऊन अंधारात बसल्या होत्या. आपल्या दोन मुलांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचलून पहिल्या मजल्यावर नेलं. जीव वाचला, ते खरं. पण दिवाणाच्या खणात काकांची पत्रं होती, लग्नापासूनचे फोटोंचे अल्बम होते. सगळ्याचा लगदा झाला. ती दहा मिनिटं हातात असती तर चार जणांनी दिवाण रिकामा केला असता.

सकाळी पाणी ओसरल्यावर मी पुढच्या गेटचा सेट हातात घेतला. वॉचमन म्हणाला, "काका, मी तं रोज चार्जरला लावून ठेवतो जी. हिरवा दिवा असते." खोटं बोलत नव्हता. सेट चार्जरमध्ये होता, आणि दुपारी वीज आली तेव्हा हिरवा दिवाही लागला. मी बॅटरी उलटी करून पाहिली. चार्जिंगच्या टिकल्यांवर काळा थर होता. चार्जरच्या पिनांवरही तसाच. घरून नातीच्या कंपासपेटीतलं खोडरबर आणलं, टिकल्या घासल्या, पिना पुसल्या, सेट परत ठेवला. हिरवा दिवा गेला आणि लाल लागला. लाल म्हणजे चार्जिंग सुरू.

आपल्या चार्जरचा हिरवा दिवा दोन अर्थांनी लागतो. बॅटरी पूर्ण भरली तरी हिरवा, आणि चार्जरला बॅटरी लागलेलीच नसली तरी हिरवाच. मधे मळाचा थर असला की चार्जरच्या लेखी तिथे बॅटरी नाहीच. बिचारा वॉचमन रोज हिरवा दिवा पाहून समाधान मानत होता आणि त्याला हे सांगणारा माणूस, म्हणजे मी, तिसऱ्या मजल्यावर टीव्ही पाहत होता. रेल्वेत एवढी वर्षं काढली, पण तो लाल दिवा पाहून जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नव्हती.

आणि मागच्या गेटचा सेट तेवढा का चालला? मी भाऊंना विचारलं. ते म्हणाले, "मी ड्युटीवर आलो का पयले त्याले दुपट्ट्यानं पुसतो जी. आपल्या हातात राहते, मळकं बरं नाही वाटत." त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ज्याला शिकवलेलं होतं त्याने केलं नव्हतं.

असो. आता मूळ कामाकडे येतो. लिहून घ्यायचं असेल तर लिहून घ्या.

पहिलं, बाहेरची सफाई. सेट बंद करा आणि बॅटरी काढा. भांड्याचा साधा लिक्विड साबण, चार लिटर पाण्यात एक लहान चमचा, इतका पातळ. त्यात कापड बुडवून घट्ट पिळा आणि त्याने पुसा. पाणी सेटवर ओतायचं नाही, स्प्रेही मारायचा नाही. खाचाखोचांना जुना मऊ टूथब्रश. मग कोरड्या सुती कापडाने पुसून, पूर्ण वाळल्यावरच बॅटरी लावायची. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं औषध, फिनाईल यातलं काही वापरायचं नाही. त्याने प्लॅस्टिकला बारीक तडे जातात आणि त्या तड्यांतून पुढे पाणी आत जातं.

दुसरं, माइक आणि स्पीकरची जाळी. इथे कोरडा ब्रश, सेट उलटा धरून, म्हणजे कचरा खाली पडेल. टाचणी, सुई, काडी घालायची नाही. पुष्कळ सेटमध्ये जाळीच्या मागे पातळ पडदा असतो, टाचणीने तो फाटतो आणि मग पाण्याला आत जायला दारच उघडं होतं. तोंडाने फुंकरही मारू नका, फुंकरीबरोबर ओल जाते. आणि भाऊ, खर्रा खाऊ नका असं मी सांगणार नाही, ते डॉक्टरसाहेब सांगून थकले. पण सेटवर बोलायच्या आधी तोंड मोकळं करा.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, टिकल्या. बॅटरीवरच्या, सेटच्या आतल्या आणि चार्जरच्या. आठवड्यातून एकदा. आयसोप्रोपिल अल्कोहोल नावाचं स्पिरिट मिळतं, सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. कापसाच्या काडीला किंचित लावून पुसायचं. थर जुना असेल तर पेन्सिलचं खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं आणि रबराचा चुरा झटकून टाकायचा. पॉलिश पेपर किंवा ब्लेड कधीही नाही. टिकल्यांवर मुलामा असतो. तो खरवडून गेला की त्या पहिल्यापेक्षा लवकर काळ्या पडतात. चार्जरच्या पिना पुसताना आधी प्लग काढायचा. आणि सेट चार्जरमध्ये ठेवला की लाल दिवा लागला का, ते डोळ्याने पाहायचं. लाल पाहिल्याशिवाय हलायचं नाही. हे वाक्य आता चार्जरच्या वर कागदावर लिहून चिकटवलेलं आहे.

चौथं, बटणं. बोलायचं बटण मातीने अडकून राहिलं तर तुमचा सेट सतत प्रक्षेपण करत राहतो. तेवढा वेळ त्या चॅनलवर दुसरा कुणी बोलूच शकत नाही. बोलत नसतानाही लाल लाइट पेटलेली दिसली तर समजा बटण अडकलं आहे. त्याच्या खालचं लहान बटण अडकलं तर सेट सारखा खरखरतो. वहिनींनी ड्रॉवरमध्ये ठेवलेल्या सेटला तेच झालं होतं. ओल्या ब्रशने कडेकडेने घासलं आणि पाच मिनिटांत तो गप्प झाला. पाच मिनिटांचं काम मी आठवडाभर "बघतो" म्हणून ठेवलं होतं.

पाचवं, अँटेना. अँटेना धरून सेट उचलायचा नाही, गोल फिरवायचा नाही. आपल्या सेटची अँटेना निघत नाही, तशीच राहू द्या. मोठ्या सेटची निघते, आणि ती न लावता बटण दाबलं तर बाहेर जायची शक्ती उलटी फिरून आतल्या शेवटच्या ट्रान्झिस्टरवर येते. तो जळू शकतो. रबराला चीर पडली असेल तर टेप गुंडाळत बसू नका, मला दाखवा.

सहावं, बॅटरी. आपल्या बॅटऱ्या लिथियमच्या आहेत. त्यांचा मोठा शत्रू उष्णता, आणि आपण राहतो नागपुरात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि गेटच्या केबिनवर पत्रा आहे. या बॅटऱ्या साधारण ५ ते ४० अंशांच्या दरम्यानच चार्ज कराव्यात. पूर्वी आपला चार्जर त्या पत्र्याखाली होता, उन्हाळ्यात दुपारी तिथे हात ठेववत नाही. आता चार्जर ऑफिसात हलवला आहे आणि एप्रिल ते जून चार्जिंग रात्रीच. सेट बंद करून चार्ज करायचा आणि भरल्यावर काढून घ्यायचा. दिवसेंदिवस चार्जरमध्ये बसवून ठेवायचा नाही. राखीव सेट ठेवायचा तर बॅटरी अर्धी भरून, सेटपासून काढून, थंड कोरड्या जागी, आणि महिन्यातून एकदा तपासायची. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या पूर्ण उतरवून मग भरायच्या, तो नियम लिथियमला लावू नका. बॅटरी फुगली तर ती संपली. दाबून बसवायची नाही, भोक पाडायचं नाही, ओल्या-सुक्या कचऱ्यात तर मुळीच टाकायची नाही. ई-कचऱ्यात द्यायची.

सातवं, सेट भिजला तर. त्या रात्री धावताना भाऊंचा सेट पाण्यात पडला, गढूळ पाण्यात. अशा वेळी आधी बंद करायचा, लगेच बॅटरी काढायची, जाळी खाली करून पाणी झटकायचं, वरचा चिखल ओल्या कापडाने टिपायचा आणि पंख्याखाली दोन दिवस ठेवायचा. उन्हात नाही, हेअर ड्रायरने नाही, तव्यावर तर नाहीच. तांदळाच्या डब्यात ठेवायची पद्धत व्हॉट्सॲपवर फिरते. तांदूळ आतली ओल ओढत नाही, उलट त्याचं पीठ खाचांत बसतं. आणि "चालतो का बघू" म्हणून मधेच चालू करायचा मोह टाळायचा. सगळ्यात जास्त सेट त्या मोहात जातात. एवढं करूनही भाऊंचा सेट पुरता सुधारला नाही, आवाज फाटलेलाच राहिला, शेवटी आपण बदलला. जो एकटा त्या रात्री चालला, तोच गेला.

सेटच्या डब्यावर आयपी ५४, आयपी ६७ असे आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ५४ म्हणजे शिंतोडे सहन करेल. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरेल, पण नवा असताना. कडेची रबरं म्हातारी झाली की आकडाही म्हातारा होतो. बाजूचं इअरफोनचं रबरी झाकण उघडं ठेवलं तर आकड्याला काही अर्थच उरत नाही.

आता थोडं बोलण्याविषयी, कारण नीट न बोलणं हाही एक बिघाडच. सेट तोंडापासून तीन-चार बोटं दूर, सरळ उभा. बटण दाबा, एक क्षण थांबा, मग बोला. आपण दाबता दाबताच बोलतो, त्यामुळे पहिला शब्द कापला जातो. "आग लागली" मधला "आग" गेला तर उरतं काय? बोलून झालं की बटण सोडा आणि ऐका. ओरडू नका, ओरडल्याने आवाज फाटतो, लांब जात नाही. बेसमेंटमधून आवाज येत नसेल तर सेटला दोष देऊ नका, काँक्रीट आणि लोखंड लहरी अडवतात. रॅम्पच्या तोंडाशी या आणि तिथून बोला.

कायद्याचं एकच सांगतो. बाजारात जास्त ताकदीचे सेट स्वस्तात दाखवतात. आपल्यालाही दाखवले होते. "काका, पाच वॅटचा घ्या, दोन-चार किलोमीटर बोलेल." मी नको म्हटलं. आपल्याकडे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे सेट परवान्याशिवाय वापरता येतात. बाकीच्या बहुतेक पट्ट्यांना परवाना लागतो. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या सेटविषयी २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियमावली काढली ती याच कारणाने. कुणी हौशीने सेटची फ्रिक्वेन्सी बदलून पोलिसांच्या किंवा रेल्वेच्या पट्ट्यात शिरला तर तो खेळ राहत नाही. तिकडे कुणी गार्ड ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगत असेल. सोसायटीला आपले लहान सेट पुरेसे आहेत, चालू असले तर.

२०२३ च्या ऑक्टोबरपासून आपण एक वही ठेवली आहे. रोज रात्री नऊ वाजता एक गेट दुसऱ्याला विचारतं, "आवाज येऊन राहिला का?" उत्तर आलं की वहीत वेळ आणि सही. दर रविवारी सफाई, ब्रश, कापड आणि स्पिरिटची डबी ऑफिसच्या खणात. आता सफाई मी करत नाही, वॉचमन भाऊच करतात. मी फक्त वही पाहतो. पुढच्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली आणि बी विंगच्या लिफ्टमध्ये दुसरीतला मुलगा अडकला. मुलाचं रडणं ऐकून भाऊंनी बटण दाबलं आणि चावी घेऊन माणूस मिनिटाभरात वर पोचला. त्याची कुठे बातमी झाली नाही. मुलाच्या आईने दुसऱ्या दिवशी सगळ्या वॉचमनना संत्राबर्फी दिली, एवढंच. मला वहीतली ती एक ओळ फार आवडते. मी कधी कधी ती काढून वाचतो.

त्या पुराच्या सकाळी मी मावशींकडे गेलो होतो. माफी मागायची म्हणून गेलो, पण शब्द सुचेनात. मावशी पहिल्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या सोफ्यावर बसल्या होत्या, मांडीवर तो ओला लगदा घेऊन एकेक पान सोडवत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "भाऊ, रात्रभर जागे आहात, चहा झाला का?" मी बसलो, चहा घेतला आणि त्यांच्याबरोबर पानं सोडवू लागलो. दोन फोटो वाचले. त्यातला एक आज त्यांच्या भिंतीवर आहे.

आता शेवटचं. मी एकाहत्तर वर्षांचा आहे. मोतीबिंदू झाला, हात थोडा थरथरतो, बारीक पिन धरवत नाही. पंचविसाव्या वर्षी आपण इमारतीला रंग देतो आहोत, स्मरणिका काढतो आहोत, चांगलंच आहे. पण मला आज दोन तरुण हवे आहेत. मुलगा-मुलगी कुणीही चालेल, इंजिनिअरिंग शिकलेले नसले तरी चालेल. चार रविवार माझ्याबरोबर बसा, अर्धा-अर्धा तास. मी शिकवतो. नंतर वही तुमची. फक्त माझ्यासारखं "सगळं नीटच चाललंय" म्हणून रविवार सोडू नका. आणि वॉचमन भाऊंनी सांगितलं की सेट खरखरतोय, तर "बघतो" म्हणू नका, त्याच वेळी बघा.

नऊ वाजत आले. गेटवरचा आवाज तपासायची वेळ झाली. भाऊ, विचारा.

आला आवाज. ठीक आहे, वहीत लिहून घ्या.